२०१९चा जुना संच घ्यावा, की नव्या आवृत्त्याच?

कृष्णाकाठ:
राज्यसेवा पूर्व आणि पीएसआय दोन्ही द्यायचंय. अप्पा बळवंत चौकात २०१९च्या पुस्तकांचा संच निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, इतिहास, मराठी व्याकरण, अंकगणित, कायदा. सगळा उचलू का?

अभ्यासिका_रात्रपाळी:
कायदा सोडून द्या, फुकट दिला तरी. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली आणि क्रम पार बदलला. खुनाची शिक्षा पूर्वी ३०२, आता १०३. फसवणूक ४२०, आता ३१८. खरा धोका असा की नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्यासाठी शब्द उच्चारण्याबद्दल. जुनं पाठ असेल तर पर्यायांत हमखास चूक होते. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदाही त्याच दिवशी बदलले.
इतिहास, व्याकरण, अंकगणित बिनधास्त जुनं घ्या. फक्त सरावप्रश्नांवर आधीच्याने पेनाने खुणा केल्या नाहीत ना, तेवढं चाळून बघा.

घटनाप्रेमी:
राज्यघटनेचं जुनं पुस्तक मी टाकाऊ मानत नाही. मूलभूत हक्क, संसदेची कार्यपद्धती, आणीबाणी हा मोठा भाग तसाच आहे. दुरुस्त्या चिठ्ठीवर लिहून त्या-त्या पानावर चिकटवा:
१०४वी (कलम ३३४): अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत ७०वरून ८० वर्षं, अँग्लो-इंडियन नियुक्त्या बंद. त्यामुळे लोकसभेची कमाल संख्या ५५२ची ५५० करा.
१०५वी (३४२-अ): मागासवर्गांची स्वतःची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार.
१०६वी (३३०-अ, ३३२-अ, ३३४-अ): महिलांना एक तृतीयांश जागा.
२०१९च्या पुस्तकात राज्यं-केंद्रशासित प्रदेश २९ व ७ असतील, नाहीतर २८ व ९. दोन्ही चूक. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२०ला एक झाले, म्हणून २८ व ८.

अभ्यासिका_रात्रपाळी:
चिठ्ठ्या ठीक, पण हे सगळं आधीच माहीत असेल तरच. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने राज्यघटना नवीन घ्यावी, असंच मी म्हणेन. संचात वाचलेले पैसे तिथेच घाला.

मावळतीचा_वारा:
भूगोल घ्या. जनगणनेचे आकडे २०११चेच चालतात. वनक्षेत्राचे मात्र खोडा, आणि जिल्ह्यांची नावं बदला: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर.
अर्थव्यवस्था नवीच हवी. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा जुन्या पुस्तकात २५ लाख असेल. २०२०ला ती १ कोटी झाली, १ एप्रिल २०२५पासून अडीच कोटी. शिवाय उलाढालीची अटही आली. राज्याचे आकडे पुस्तकातून न घेता महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतून घ्या, पीडीएफ मोफत मिळते.
नवीन घेताना मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नका. आतल्या पानावर ‘आवृत्ती’ आहे की ‘पुनर्मुद्रण’ ते वाचा. पुनर्मुद्रण २०२५चं असलं तरी मजकूर २०१९चाच असू शकतो. खात्रीसाठी राज्यघटनेच्या पुस्तकात दुकानातच कलम ३३०-अ शोधा. नसेल तर परत ठेवा.