तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचंय. व्हरमीरच्या चित्राची कॉपी करू का?

जलरंगवाली, डोंबिवली:
नमस्कार मंडळी. जलरंगात निसर्गचित्रं बरीच केली, आता तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचंय. नोकरीमुळे क्लासला जाणं जमत नाही, रविवार तेवढा मोकळा मिळतो. डच चित्रकार व्हरमीरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग'ची (फेटा बांधलेली, कानात मोती घातलेली मुलगी) कॉपी करावी असं फार मनात आहे. सुरुवातीलाच झेपेल का? रंग कोणते घेऊ? घर वन बीएचके, त्यात सासूबाईंना दमा, म्हणून तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची धास्ती वाटते.

कुंचला, गिरगाव:
ताई, जरूर करा. मूळ चित्र जेमतेम ४४.५ × ३९ सेंमी आहे, त्यामुळे त्याच मापाची प्रिंट काढता येईल. मोबाइलवर बघून रंगवू नका. एक प्रिंट कृष्णधवल काढा आणि पहिलं अख्खं चित्र फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात करा. चेहरा उभा राहतो तो छाया-प्रकाशावर, रंग नंतरचा.

आता नाकाकडे नीट बघा. नाकाची पलीकडची कड आणि गाल यांच्यात रेघच नाही, उजेडात दोन्ही एक झालेत. आपला हात तिथे हमखास रेघ ओढतो. मोत्याचंही तसंच: वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस. गोल आकार काढलेलाच नाही, अडकवायची कडीही नाही. हे दोन तुकडे वेगळ्या बोर्डावर पुन्हा पुन्हा करा, मग पूर्ण चित्राला हात घाला.

मागचा भाग ट्यूबमधल्या काळ्यानं भरू नका. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयानं २०१८ मध्ये चित्राची तपासणी केली, तेव्हा तिथे मुळात हिरवट पडदा होता असं दिसलं. काळाच्या ओघात तो रंग गेला. अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद करा, त्याला खोली येते.

चेहऱ्याला टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड आणि आयव्हरी ब्लॅक पुरतात. अल्ट्रामरीन फेट्यासाठी. खालचे थर पातळ ठेवा, वरच्या थरांत तेल वाढवत न्या. उलट केलंत तर पुढे भेगा पडतात.

तेलपाणी, ठाणे:
दम्याचं माणूस घरात आहे तर टर्पेंटाइन आणूच नका. बिनवासाचं म्हणून विकतात त्याचीही वाफ हवेत येतेच. अस्तराचा (सगळ्यात खालच्या थराचा) पातळ हात अ‍ॅक्रिलिकनं द्या, लवकर वाळतो आणि त्यावर तैलरंग चालतो (उलटं मात्र चालत नाही). ब्रश आधी फडक्यानं पुसा, मग जवसाच्या तेलात खळबळून साबणानं धुवा. आणि हे नक्की लक्षात ठेवा: जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. पावसाळ्यात थर वाळायला वेळ लागतो, घाई करू नका.

चर्चगेट लोकल:
माझं मत थोडं वेगळं. व्हरमीरच्या चेहऱ्यावर ब्रशचा माग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे नवख्याला तो कसा केला ते कळत नाही. स्पॅनिश चित्रकार वेलाझक्वेझचं 'हुआन दे पारेहा' हे पोर्ट्रेट (१६५०) घ्या. कॉलरवरचे फटकारे मोजता येतील इतके मोकळे आहेत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटवरून मोठी प्रतिमा फुकट उतरवता येते. शिवाय एखाद्या रविवारी फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं बघा, अगदी बाजूनं. रंगाची जाडी प्रिंटमध्ये कळत नाही.
आपल्याकडेही कॉपी करून शिकायची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत, त्यांत चित्रकार पेस्तनजी बोमनजीही होते. पुढे त्यांनी पारशी माणसांची किती सुंदर पोर्ट्रेट्स केली!

जलरंगवाली, डोंबिवली:
सगळ्यांचे मनापासून आभार. नाक आणि मोत्यापासून सुरुवात करते. प्रिंटवर आणि बोर्डावर ग्रिड (चौकटी) आखू का?

कुंचला, गिरगाव:
डोळे, नाकाचं टोक, हनुवटी यांच्या जागा पक्क्या होईपर्यंत आखा, मग पुसून टाका. आणि झाल्यावर मागच्या बाजूला 'व्हरमीरवरून' असं लिहा, स्वतःचं नाव आणि तारखेसकट.