पूरविम्याचा हप्ता कमी करण्यासाठी मदत हवी आहे (न्यू जर्सी)

रॅरिटनकाठी:
पूरविम्याच्या नूतनीकरणाची सूचना आली असून हप्ता यंदाही वाढला आहे. गृहकर्ज चालू असल्यामुळे बँक विमा बंद करू देत नाही. मुदत जवळ आली आहे, तेव्हा खात्रीचे मार्ग लवकर सांगावेत. 'एजंटला विचारा' हे उत्तर नको; तो फोन उचलत नाही.

आलेपाक:
विमा सरकारी एनएफआयपीचा (अमेरिकेच्या राष्ट्रीय पूरविमा योजनेचा) आहे की खाजगी? तळघर आहे का? घरात आपण स्वतः राहता की ते भाड्याने दिले आहे?

ह्यूस्टनकर:
चौकशा नंतर करा. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, १०,००० डॉलरपर्यंत नेता येते. मी तेच केले आणि हप्ता उतरला.

आलेपाक:
पाणी शिरले की तेच १०,००० खिशातून जातील, शिवाय कर्ज देणारी बँक एवढी डिडक्टिबल मान्य करेलच असे नाही.

कृष्णाकाठ:
आमच्या सांगलीच्या घराला भारत गृह रक्षा पॉलिसी आहे आणि तीत पूर धरलेलाच असतो. अमेरिकेत वेगळा विमा का लागतो?

मोजपट्टी:
कारण इथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर उंचीचा दाखला (घराचे मजले किती उंचीवर आहेत याचे सर्व्हेअरने दिलेले प्रमाणपत्र) मिळवा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून दर पूरक्षेत्रावरून ठरत नाही आणि दाखला सक्तीचाही नाही. मात्र फेमाने (एनएफआयपी चालवणाऱ्या सरकारी संस्थेने) धरलेल्यापेक्षा आपला पहिला मजला उंच निघाला तर हप्ता कमी होतो. सर्व्हेअरला पैसे देण्यापूर्वी टाउनशिपकडे (स्थानिक पालिकेकडे) जुनी प्रत आहे का ते पाहावे.

रॅरिटनकाठी:
विमा सरकारी आहे, राहतो आम्हीच. तळघर आहे आणि फर्नेस (घर गरम ठेवणारे यंत्र) तिथेच आहे. सूचनेत २५० डॉलरचा अधिभार दिसतो, तो सर्वांनाच असतो ना?

आलेपाक:
मुळीच नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराला तो २५ डॉलर असतो, म्हणजे नोंदीत आपले घर मुख्य निवासस्थान नाही. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार नोंदणीचा पुरावा विमा कंपनीला पाठवून ती नोंद दुरुस्त करून घ्या. फर्नेसबद्दल म्हणाल तर तळघरातच चौथरा बांधून यंत्रे उंचावर ठेवल्याची सवलत मिळत नाही. पहिल्या मजल्याच्याही वर किंवा पोटमाळ्यावर यंत्रसामग्री न्यावी लागते, आणि तेवढा खर्च हप्त्यातून वसूल व्हायला वर्षे लागतील.

ह्यूस्टनकर:
त्यापेक्षा सरळ खाजगी विमा घ्या. कायद्याच्या अटी पूर्ण करणारी पॉलिसी असली तर बँकेला ती स्वीकारावीच लागते.

रॅरिटनकाठी:
तसे कोटेशन माझ्याकडे आले आहे आणि ते स्वस्त आहे. घर घेताना जुन्या मालकाची पॉलिसीच आमच्या नावावर झाली होती. तो ते भाड्याने देत असे. याने काही फरक पडतो का?

मोजपट्टी:
हे आधीच सांगायला हवे होते! अधिभार बहुधा त्याच्याच काळातला पुढे आला आहे. शिवाय जुनी पॉलिसी चालू ठेवल्यामुळे आपण पूर्ण दराकडे (घराच्या खऱ्या जोखमीनुसार, सवलतीशिवाय पडणाऱ्या हप्त्याकडे) वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढत असाल. ती सोडून खाजगीकडे गेलात आणि पुढे ती कंपनी महागली, तर एनएफआयपीत परतताना एकदम पूर्ण दर पडेल. कोटेशनवर सही करण्यापूर्वी सूचनेतला पूर्ण दराचा आकडा इथे लिहा.