हेल्मेट कंपनीवर दावा करावा का? सल्ला हवा

मृदुला_का: भाचा अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळतो (तिकडचं, धडकाधडकीचं). सरावात डोकं आपटून कन्कशन (मेंदूला हादरा बसून होणारी इजा) झालं. अजून उजेड सहन होत नाही, पुस्तक उघडलं की डोकं ठणकतं. बहीण हेल्मेट कंपनीवर दावा लावायचं म्हणतेय. हेल्मेट शाळेचं आहे, 'दुरुस्तीला पाठवायचंय' म्हणून शाळा ते परत मागतेय. काय करावं?

बापू७१: हेल्मेटला तडा गेलाय का? नसेल तर विसरा.

वकीलसाहेब_नाही: बापू, तसं नाही हो. कोलोरॅडोत 2013 मध्ये रिडेल या हेल्मेट कंपनीविरुद्धच्या खटल्यात ज्यूरीने हेल्मेटच्या रचनेत दोष नाही असंच म्हटलं, पण धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याबद्दल कंपनीला दोषी धरलं. नुकसान ठरलं 1 कोटी 15 लाख डॉलर, त्यात कंपनीचा वाटा 27 टक्के. प्रशिक्षकांवरही ठपका आला.

मृदुलाताई, हेल्मेट आहे तसं ठेवायला सांगा. दुरुस्तीत आतले पॅड बदलले की पुरावा गेला. मालकी शाळेची आहे, त्यामुळे नुसतं अडवून धरण्यापेक्षा 'पुरावा जपा' असं वकिलाचं पत्र लगेच शाळेला जाऊ दे. आतल्या लेबलांचे फोटो काढा: बनवल्याची तारीख, शेवटच्या तपासणीचं वर्ष, इशारा.

धातुशास्त्री: रचनेतला दोष सिद्ध करणं जड जातं. तिकडचं हेल्मेट-सुरक्षेचं नॉक्सी (NOCSAE) मानक 1973 चं, मुळात कवटी फुटू नये म्हणून. कन्कशनमध्ये डोकं गर्रकन फिरल्याने मेंदूला बसणारा पीळ महत्त्वाचा, आणि तो कुठलंच हेल्मेट पूर्ण थांबवत नाही. म्हणून जाहिरात बघा. रिडेल '31 टक्के कमी कन्कशन' म्हणायची. तो दावा अभ्यासातून सिद्ध होत नाही, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 मध्ये म्हटलं.

मृदुला_का: बहिणीला विचारलं. मागच्या बाजूला इशाऱ्याचं स्टिकर आहे म्हणे, 'कोणतंही हेल्मेट सगळ्या दुखापती टाळू शकत नाही' अशा अर्थाचं. आणि मार लागल्यावर कोचने त्याला त्याच दिवशी पुन्हा खेळवलं.

वकीलसाहेब_नाही: मग कंपनीपेक्षा कोचचा मुद्दा मोठा आहे! सरकारी शाळा असेल तर दाव्याआधी द्यायच्या लेखी नोटिशीची मुदत फार थोडी असू शकते, राज्याराज्यात वेगळी. वकील याच आठवड्यात गाठा. बहुतेक जण जिंकल्यावरच फी घेतात, पण तज्ज्ञांचा खर्च कोण करणार ते आधी लिहून घ्या.