मदत हवी आहे : केळीच्या नोंदवहीचं ॲप, फोल्डरांची फेरमांडणी आणि नऊ उघडे पीआर

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यातला. आमच्या भागातल्या केळी उत्पादकांसाठी आम्ही काही जण मिळून नोंदवहीचं एक ॲप चालवतो. फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं एक साधन) आहे, कोड सगळ्यांना खुला. लागवड कधी झाली, ठिबकमधून कोणतं खत किती सोडलं, करपा रोगासाठी फवारणी कधी घेतली, कापणीला किती क्विंटल माल गेला आणि काय भाव मिळाला, एवढंच त्यात लिहायचं. पण मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही हंगामांच्या लागवडी सांभाळणाऱ्याची कागदावर किती तारांबळ होते ते मी घरीच पाहिलंय. त्यामुळे या कामात जीव गुंतलाय.

अडचण फोल्डरांची आहे. मी एकटा होतो तेव्हा लिबमध्ये (कोडचा मुख्य फोल्डर) स्क्रीन्स, मॉडेल्स, सर्व्हिसेस, विजेट्स असे चार फोल्डर केले. २० फाइलींपर्यंत छान चाललं. आता एकट्या स्क्रीन्समध्येच ६०च्या वर फाइली आहेत. मागच्या महिन्यात फैजपूरच्या एका विद्यार्थ्याला फवारणीच्या नोंदीत फक्त 'पंप' हे माप जोडायचं होतं (आमच्याकडे औषधाचं प्रमाण पंपाला किती असंच बोलतात). त्यासाठी त्याला चार फोल्डरांतल्या सहा फाइली उघडाव्या लागल्या, आणि सातवी राहून गेली. ती युटिल्स नावाच्या वेगळ्याच फोल्डरात होती. मग नोंद पंपात आणि महिन्याची बेरीज लिटरमध्ये. पोराने मन लावून काम केलं होतं; आमची मांडणीच त्याला आडवी आली.

म्हणून कामाप्रमाणे फोल्डर करावेत असं माझं मत झालंय : फवारणी, खत-पाणी, कापणी, भाव. ज्याचे स्क्रीन, मॉडेल, सर्व्हिस त्याच्याच पोटात. नवीन माणसाला शेतीतला शब्द माहीत असला की कोडमधली जागा सापडावी.

पण नऊ पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे इतरांनी पाठवलेले आणि अजून मूळ कोडमध्ये न घेतलेले बदल) उघडे आहेत, बहुतेक विद्यार्थ्यांचे. मी फाइली हलवल्या आणि त्यांच्या कामात कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन बदलांची टक्कर) आले तर अर्धे लोक परत येणार नाहीत. सगळे पीआर आधी मिटवायचे म्हटलं तर तोवर आणखी पाच येतील. तुम्ही हे कसं निभावलंत?

दुसरं, 'प्लॉट'चं मॉडेल सगळ्यांनाच लागतं. ते कुठे ठेवू? कॉमन नावाचा फोल्डर केला की त्याचा घरातल्या माळ्यासारखा वापर होतो, जागा सापडली नाही की टाक तिकडे.

एक गोष्ट मात्र ठरलीय. अहिराणीची एआरबी फाइल (ॲपमधल्या मजकुराचं भाषांतर) जिथे आहे तिथेच राहील. अमळनेरच्या एक बाई ती वेबवरूनच दुरुस्त करतात, 'आहे'चं 'शे' कुठे व्हायला हवं ते बारकाईने बघतात. त्यांना नवा पत्ता शोधायला लावायचा नाही.

प्रतिसाद १

भाऊ, हलवा. थांबलात तर रोज अवघड होत जाईल.

गिट (कोडमधले बदल सांभाळणारी प्रणाली) फाइलीचं नाव किंवा जागा बदलल्याची वेगळी नोंद ठेवत नाही, मजकूर किती जुळतो त्यावरून ओळखतं. निम्म्याहून कमी जुळला तर जुनी फाइल गेली आणि नवी आली असं धरतं. १५ ओळींच्या फाइलीत १० ओळी इम्पोर्टच्या (दुसऱ्या फाइलींचे पत्ते, हलवताना बदलावे लागतात) असल्या की हाच घोटाळा होतो. म्हणून दोन कमिट (बदलांच्या नोंदी) करा. पहिल्यात फक्त हलवाहलव, एकही अक्षर बदलायचं नाही, बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणं) तुटलं तरी चालेल. दुसऱ्यात इम्पोर्ट. दोन्ही स्क्वॉश न करता (एकात न मिसळता) मूळ कोडमध्ये मर्ज करा. मग प्रत्येक पीआरच्या शाखेत (त्या कामाची वेगळी प्रत) आधी पहिला कमिट मर्ज करायचा, नंतर दुसरा. विद्यार्थ्याने जुन्या जागी केलेला बदल नव्या जागी आपोआप बसतो.

नव्याने जोडलेल्या फाइलींकडे मात्र स्वतः बघा. अख्खा फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे गेला तर गिट २.१८पासून ते ओळखतं. तुमचा स्क्रीन्स चार ठिकाणी फुटणार, त्यामुळे नवी फाइल जुन्याच जागी पडून राहील किंवा भलत्याच फोल्डरात जाईल.

फोल्डरांची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षर सारखंच. लिनक्सला ते वेगळं, म्हणून तिथे बिल्ड पडतं.

प्लॉटला त्याच्याच नावाचा फोल्डर द्या. कॉमन करूच नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री 'पंप'वाल्या पीआरच्या शाखेची प्रत काढून करून पाहिलं. एकदम मर्ज केलं तेव्हा फवारणीच्या मापांच्या छोट्या फाइलीत कॉन्फ्लिक्ट आला, दोन टप्प्यांत केलं तेव्हा नाही आला. आता नऊही शाखा मीच अशा करून देणार आहे, पोरांना फक्त तपासायला सांगेन. प्लॉटचा फोल्डरही केला. जोडलेल्या नव्या फाइली तीन शाखांत आहेत, त्या आज संध्याकाळी हाताने हलवतो.