मदत हवी आहे: क्रिएटिनिन १.६ वर आलंय, पुढे बाबांची किडनी टिकेल का?

जागी_लेक: बाबांना डिस्चार्ज मिळून बारा दिवस झाले, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की वाढतं ते) १.६ आहे, डॉक्टर म्हणाले छान उतरलंय, तीन महिन्यांनी दाखवा, संपलं. मला एवढंच कळायला हवंय की कायमचं डायलिसिस लागणार का! रिस्क काढायचं कॅल्क्युलेटर असतं म्हणे, कोणी वापरलंय का? लवकर सांगा प्लीज

निवांत७: वय? आजार काय? आधी किती होतं, वर किती गेलं? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जागी_लेक: ६४. बीपी आहे, शुगर नाही. न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गाने अवयव बिघडले), १८ दिवस आयसीयू, ५.२ पर्यंत गेलं, चार वेळा डायलिसिस. आधीचं माहीत नाही.

झरा: रोज चार लिटर पाणी पाजा, माझा स्टोन असाच पडला.

निवांत७: स्टोनचा इथे काय संबंध? अशा पेशंटला लघवी, सूज बघून पाणी ठरवतात. काहीही सांगू नका.

झरा: अनुभव सांगितला, नको तर सोडा.

मशीनपाशी: मी डायलिसिस युनिटला काम करतो. किडनी अशी अचानक बिघडते त्याच्या तीन स्टेज असतात, डायलिसिस लागलं म्हणजे स्टेज ३, सगळ्यात वरची. कॅल्क्युलेटरमध्ये वय, बाई की पुरुष, आधीचं क्रिएटिनिन, स्टेज, डिस्चार्जचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) भरतात, तुमच्याकडे त्यातलं दोन नाहीच, मग येणारा आकडा काय कामाचा? ९० दिवसांपर्यंत किडनी सुधारू शकते म्हणून तीन महिने म्हणाले. लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन किती जातंय ते बघायची तपासणी) मात्र तेव्हा नक्की करा, क्रिएटिनिन बरं दिसलं आणि अल्ब्युमिन जात राहिलं तरी धोका असतो.

सुमाताई: आणि नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नकोस गं, ते स्नायूंतून येतं, स्नायू झिजले की उगाच कमी दिसतं. आयसीयूतून आई आली तेव्हा ०.९ होतं, आम्ही निर्धास्त, पण ती पार वाळली होती, अंग भरलं तसं १.४ झालं. सिस्टॅटिन सी करायची का ते डॉक्टरांना विचार, ती किडनीचीच रक्त तपासणी, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

जागी_लेक: ताई, बाबांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं हो आता 😢 गुडघ्याची गोळी घेतल्याशिवाय चालवत पण नाही, काल दोन घेतल्या

मशीनपाशी: कुठली गोळी??

जागी_लेक: आयबुप्रोफेन, ती तर किती वर्षं घेतात

मशीनपाशी: ही गोळी किडनीला इजा करू शकते, आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा, तीन महिने थांबू नका. हे सगळ्यात आधी सांगायचं होतं.

केतन_क: मिस्टरांचं यूरिक अॅसिड ८ आहे, त्यांना पण हे होईल का?

निवांत७: वेगळा धागा काढा ना.

जागी_लेक: फोन केला, गोळी बंद, परवा बोलावलंय. आणि मोतीबिंदूच्या वेळची फाइल सापडली, दोन वर्षांपूर्वी १.३ होतं!

मशीनपाशी: म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) साठच्या आसपास, किडनी आधीच थोडी कमी होती. तो कागद बरोबर न्या.

जागी_लेक: पिशवीत ठेवला.