मूर, मूरिश, अरब की अंदलुसी?

प्रश्न

मध्ययुगीन स्पेनविषयीच्या मराठी लेखनात ‘मूर राजवट’, ‘मूरिश संस्कृती’, ‘अरब राजवट’ आणि ‘मुस्लिम स्पेन’ हे चारही प्रयोग एकाच अर्थाने केलेले आढळतात. मूर म्हणजे नेमके कोण आणि यांपैकी कोणता प्रयोग कोठे करावा?

उत्तर

‘मूर’ हे नाव अल-अंदलुसमधील, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या मुस्लिम सत्तेखालील भागातील, लोकांनी स्वतःला दिलेले नाही, येथून सुरुवात करावी लागेल. आजच्या उत्तर मोरोक्कोत आणि अल्जीरियाच्या पश्चिम भागात राहणाऱ्या लोकांना रोमन ‘माउरी’ म्हणत आणि त्यांच्या प्रदेशाला मॉरेतानिया. (सध्याचा मॉरितानिया हा देश त्याच्या बराच दक्षिणेला आहे, त्याने केवळ नाव घेतले आहे.) ७११ साली मुस्लिम सेनापती तारिक इब्न झियाद जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आयबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) उतरला आणि तेथे राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांचा राजा रोडेरिक याचा त्याने पराभव केला, तेव्हा त्याच्या सैन्यातील बहुसंख्य लोक याच उत्तर आफ्रिकेतील होते. ख्रिस्ती लेखकांनी त्यांना जुनेच नाव लावले आणि कालांतराने ते वंशाचा वा भाषेचा विचार न करता समोरच्या प्रत्येक मुसलमानाला चिकटले. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘मोरो’ झाले, पोर्तुगीजमध्ये ‘मोउरो’.

ज्यांना हे नाव लावले गेले ते आपल्या देशाला ‘अल-अंदलुस’ म्हणत. तेथील समाजात अरब होते, उत्तर आफ्रिकेतून आलेले होते, इस्लाम स्वीकारलेले स्थानिक लोक म्हणजे ‘मुवल्लद’ होते, अरबी भाषा आणि चालीरीती उचलूनही ख्रिस्ती राहिलेले ‘मोझारब’ होते आणि यहुदीही होते. मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द आणि यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ हे दोघेही बाराव्या शतकात कॉर्डोबा येथेच जन्मले आणि दोघांनीही अरबीत ग्रंथरचना केली. या दोघांना एकत्र सामावून घेणारे विशेषण ‘अंदलुसी’ हेच आहे. मायमोनिडीझला मूर म्हणणे कोणालाही पटणार नाही.

‘अरब राजवट’ हा प्रयोग सर्वस्वी चुकीचा नाही, परंतु त्याची मुदत ठरलेली आहे. दमास्कसच्या उमय्या घराण्यातील पहिला अब्द अल-रहमान याने ७५६ साली कॉर्डोबात अमिरात स्थापन केली, त्याच वंशातील तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९२९ साली स्वतःला खलिफा म्हणवून घेतले आणि १०३१ साली ती खिलाफत संपली. एवढ्या काळापुरते घराणे अरब होते. पुढे ‘ताइफा’ म्हणून ओळखली जाणारी लहान राज्ये आली आणि त्यांच्यानंतर अल्मोराविद व अल्मोहाद ही मोरोक्कोतून आलेली, उत्तर आफ्रिकेतील मूळ जमातींची घराणी. या दोन घराण्यांना अरब म्हणणे ही सरळ चूक आहे.

येथेच मराठीपुरती एक खास अडचण उभी राहते. उत्तर आफ्रिकेतील या लोकांसाठी आपल्याकडे सर्रास ‘बर्बर’ असे लिहिले जाते आणि मराठी वाचकाला तो शब्द संस्कृतमधून आधीच ‘रानटी’ या अर्थाने परिचित आहे. ‘बर्बर सैन्याने शहर जिंकले’ असे वाक्य वाचल्यावर वाचक सैन्याच्या जमातीचे नाव न वाचता त्याच्या वर्तनाविषयीचा निवाडा वाचतो. माझ्या मते ‘बर्बेर’ असे वेगळे लेखन करावे, किंवा त्याहून बरे म्हणजे त्यांचे स्वतःचे ‘अमाझिघ’ हे नाव वापरावे.

‘मूरिश’ या रूपाची मराठीत मुळीच गरज नाही. ते इंग्रजीतील विशेषण जसेच्या तसे उचललेले आहे. ‘मूर शैली’ असे म्हटल्याने काहीही बिघडत नाही. मात्र तेही जपून म्हणावे. ग्रॅनडातील अलहम्ब्रा हा राजवाडा तेथील नासरी या मुस्लिम घराण्याच्या सुलतानांचे बांधकाम आहे, परंतु सेव्हिलच्या अल्काझार या राजवाड्यातील ज्या महालाला पर्यटनलेखांत ‘मूर राजवाडा’ म्हटले जाते तो १३६० च्या दशकात कास्तील या स्पेनमधील राज्याच्या ख्रिस्ती राजा पहिल्या पेद्रोने बांधवून घेतला. सेव्हिल ख्रिस्ती सत्तेखाली येऊन तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता. तरीही त्याच्या भिंतींवर या राजाला सुलतान म्हणणारे अरबी लेख आहेत! अशा कामाला ‘मुदेहार’ ही संज्ञा आहे. ख्रिस्ती राज्यात मुसलमान म्हणून राहू दिलेल्या प्रजेलाही मुदेहारच म्हणत, तर सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्यांना ‘मोरिस्को’. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधून घालवून दिले गेले ते मोरिस्को. त्यांना मुदेहार म्हटले तर शंभर वर्षांचा इतिहास पुसला जातो.

शंका

मग ‘मूर’ हा शब्द मराठीतून काढूनच टाकावा काय? आणि ‘मुरारी’मधील मुराशी त्याचा काही संबंध आहे काय?

उत्तर

मुराशी काहीही संबंध नाही. तो पुराणांतील दैत्य आहे आणि साम्य केवळ उच्चारापुरते आहे.

शब्द काढून टाकू नये. जेथे ख्रिस्ती पक्षाची दृष्टी सांगायची आहे तेथे तोच हवा, आणि पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात तर त्याला पर्यायच नाही. १४९८ साली कालिकतला पोहोचलेल्या वास्को द गामाच्या माणसाला कास्तीलची भाषा (म्हणजे स्पॅनिश) जाणणारे ट्युनिसचे दोन ‘मोउरो’ भेटले, ही नोंद प्रसिद्ध आहे. मलबारमध्ये पोर्तुगीज ‘देशी मोउरो’ आणि ‘मक्केचे मोउरो’ असा भेद करीत, आणि १५१० साली पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा आदिलशाहीचे लोकही त्यांच्या लेखी मोउरोच होते. विजापूरच्या या लोकांचा आयबेरियाशी कोणताही संबंध नव्हता, म्हणून अशा कागदांचे भाषांतर करताना ‘मूर’ लिहून वाचकाला मोरोक्कोकडे पाठवण्यापेक्षा ‘मुसलमान’ असा अर्थ द्यावा आणि मूळ शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा. श्रीलंकेत मात्र तेथील मुस्लिम समाजाचे ‘मूर’ हेच अधिकृत नाव आजही टिकून आहे. तेथे ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुरवणी

अल-अंदलुसमधील अरबीचा एक शब्द मराठीत रोजच्या वापरात आहे, याची येथे नोंद करावीशी वाटते. आपला ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लेइलाँव’वरून आला आणि तो शब्द ‘जाहीर करणे’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून, ‘अल’ या उपपदासह, तयार झाला. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. संस्कृत ‘नारंग’ फारसीतून अरबीत ‘नारंज’ झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’ या रूपाने पोहोचला. ‘शर्करा’ ‘सुक्कर’ होऊन ‘अझूकार’ झाली.