अनुभव धागा: अंतराळातल्या हिरव्या कंदिलाची गोष्ट सांगताना वापरलेली कुठली युक्ती तुम्हाला लागली?

शेवंती (धागाकर्ती)

सुपरहिरोंच्या कार्टूनचा विषय निघाला की कोण कोणाला लोळवेल यावरच आपली रात्र जाते. या धाग्यात ते नको. 'ग्रीन लँटर्न: द अ‍ॅनिमेटेड सीरिज' ज्यांनी पाहिली आहे त्यांनी एवढंच लिहा: गोष्ट सांगण्याची कुठली युक्ती तुमच्यावर चालली, कुठे चालली आणि त्याने तुमचं काय झालं. "रेझर भारी आहे" एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका, प्लीज. शेवटापर्यंतचं सगळं इथे उघड बोललं जाणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिली नाही त्यांनी बेताने वाचा. एकच सीझन आहे, २६ भाग.

सुरुवात मी करते. मला लागली ती अंगठी. या विश्वात प्रत्येक भावनेला एक रंग आणि त्या रंगाची अंगठी. हिरवी इच्छाशक्तीची, लाल क्रोधाची, पिवळी भीतीची, नारिंगी लोभाची, निळी आशेची, जांभळी प्रेमाची. आधी वाटलं, खेळणी विकायची सोय. मग रेझर आला. बायको मारली गेल्यावर लाल अंगठीवाल्यांच्या टोळीत शिरलेला हा पोरगा हॅल आणि किलोवॉग या दोन हिरव्या अंगठीवाल्यांच्या जहाजात कैदी म्हणून येतो आणि हळूहळू त्यांच्यातलाच होतो. पण बोटात अंगठी लालच. ती रागावर चालते. म्हणजे राग निवला की हातातलं हत्यार गेलं. त्यामुळे त्याच्याशी कुणी दोन शब्द मायेने बोललं की मला एकीकडे बरं वाटायचं आणि दुसरीकडे धास्ती वाटायची, आता उद्या लढायची वेळ आली तर हा काय करणार? "मी अजून दुःखात आहे" हे त्याला एकदाही सांगावं लागत नाही. बोट दिसलं की झालं.

माझे वडील गेले त्या वर्षी मी ही मालिका पाहत होते. चिडचिडीवरच मी घर आणि ऑफिस ओढत होते, हे मला रेझरकडे बघून कळलं. याहून जास्त लिहीत नाही.

रात्रपाळी

मी थ्रीडी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, मॉडेलला हाडं बसवायचं काम करतो, ज्याला आम्ही रिगिंग म्हणतो. त्यामुळे मी ही मालिका खर्चाच्या बाजूने बघतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी युक्ती तिथेच आहे.

हाताने काढायच्या कार्टूनमध्ये गर्दी हवी असेल तर माणसं काढत सुटता येतं. थ्रीडीत प्रत्येक नवं पात्र म्हणजे मॉडेल, त्यावर पोत, मग सांगाडा, मग चेहऱ्याचे कंट्रोल. कामाचे आठवडे जातात. ब्रूस टिम हा १९९२च्या बॅटमॅन मालिकेपासून सपाट रेषांच्या चित्रांसाठी नावाजलेला माणूस, आणि इथे त्याने पूर्ण थ्रीडी घेतलं. लँटर्न म्हणजे हिरव्या अंगठीचे रक्षक, त्यांची फौज कॉमिक्समध्ये ३६०० जणांची. ती दाखवायची कुठून? तर गोष्टच अशी रचली की हिरो फौजेपासून लांब जावा. विश्वाच्या पार सीमेवर लँटर्न मारले जाताहेत, अंगठीच्या वेगाने तिथे पोहोचायला फार काळ लागेल, म्हणून नवं कोरं जहाज पळवायचं. जहाजात चौघं. बाहेर काळोख, आणि काळोख फुकट मिळतो.

आता गंमत बघा. अंतर नसतं तर जहाज लागलं नसतं. जहाज नसतं तर जहाजाची संगणक-बुद्धी, म्हणजे आया, नसती. आणि आया नसती तर या मालिकेत आठवण्यासारखं फार काही उरलं नसतं. रेझर आणि आया ही दोन्ही पात्रं कॉमिक्समधून आलेली नाहीत, या मालिकेसाठीच घडवलेली आहेत.

आमच्याकडे बजेट कापलं की सगळे कपाळाला हात लावतात. मी नव्या पोरांना हिचे पहिले दोन भाग दाखवतो. मुकाट बघतात, मग म्हणतात, "पण सर, आपल्याकडे लेखक कुठेय?" ते मात्र खरं आहे.

तांबडा_रस्सा

सगळ्यांच्या आनंदात विरजण घालतो. मी तिसऱ्या भागात सोडली. चेहरे प्लास्टिकचे, हॅल जॉर्डनचे विनोद शिळे. आणि अंगठीतून मनात येईल ते निर्माण करता येतं म्हणे, मग हा गडी दर वेळी मोठ्ठी हिरवी बुक्कीच का काढतो? ही कुठली कल्पनाशक्ती?

रात्रपाळी

तांबडे भाऊ, बुक्कीचं मॉडेल एकदा करून ठेवलं की झालं. :) पण मस्करी सोडा. हॅल चाचणी वैमानिक आहे, आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. त्याच्या डोक्यात पहिली बुक्कीच येणार. किलोवॉग प्रशिक्षक, त्याच्या वस्तू जड, ठोकायच्या. अंगठीतून काय निघतं यावर माणूस ओळखता येतो, एवढी तरी दाद द्या.

कॉमिक्सवाले_काका

हॅल जॉर्डन १९५९ साली कॉमिक्समध्ये आला, मी त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी. त्यामुळे या विश्वातल्या बऱ्याच गोष्टी मला आधीच ठाऊक होत्या, आणि मालिका बघताना मला मजा आली ती त्यामुळेच. ठाऊक असणाऱ्या प्रेक्षकाला ही मंडळी वेगळ्या दोरीने बांधतात.

सिनेस्ट्रो बघा. तो पुढे हॅलचा कट्टर वैरी होणार, पिवळी अंगठी घालणार, हे जुन्या वाचकाला पाठ असतं. मालिकेत तो एका भागात येतो आणि तेव्हा तो अजून हिरवाच आहे. हॅलचा मित्र. हसतोय, खांद्याला खांदा लावून लढतोय. हॅलला काही माहीत नाही, मला सगळं माहीत. पडद्यावर काहीच वाईट घडत नसताना मी मात्र खुर्चीच्या टोकावर. माझा नातू शेजारी चिवडा खात निवांत. तोच भाग, तोच सोफा, आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी बघत होतो.

उलट 'लॉस्ट प्लॅनेट' नावाच्या भागात मी हरलेल्या बाजूला होतो, आणि नातू जिंकला. अंगठी नव्या वारसाला शोधत एका ग्रहावर आली आहे, आणि वारस सापडत नाही. १९८५ साली अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी एक छोटी कॉमिक्सकथा केली होती, तिचा गाभा इथे आहे: तो ग्रहच लँटर्न आहे. मोगो. मला उत्तर आधीच माहीत असल्यामुळे मी धक्क्याला मुकलो. नातवाने मात्र उडी मारली आणि भाग परत मागे नेऊन ग्रहाची झाडं, दगड सगळं पुन्हा बघितलं. उत्तर पहिल्यापासून पायाखाली ठेवायचं, ही चाल लहान मुलांवर हमखास चालते. मोठ्यांवरही चालते म्हणा, पेपर आधी फुटलेला नसेल तर.

आणि शेवंतीताई, हे रंग वाचून षड्रिपू आठवतात असं इथे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. क्रोध आणि लोभ जुळतात, पुढे गाडं अडतं. आपल्या यादीत भीती नाही, आशा नाही. आणि आपल्याकडे सहाही जिंकायचे असतात, इथे त्यांवर अंगठी चालते.

दोन_मुलांची_आई

मी मुलीबरोबर बघितली. ती तेव्हा आठ वर्षांची. तिला आया आवडायची कारण "ती सगळं विचारते आणि तिला कुणी ओरडत नाही".

मला ज्या युक्तीने पकडलं ती मालिकेच्या उत्तरार्धातली. अँटी-मॉनिटर नावाचं एक अजस्र संकट कितीतरी भाग येतंय येतंय करत मोठं केलं जातं. आपण समजतो, शेवटची लढाई याच्याशीच. आणि मग? रेझर आयाला सांगतो की तुझ्यावर माझं प्रेम नाही, मला तुझ्यात फक्त माझी मेलेली बायको दिसते. आयाचा चेहरा त्याच बायकोवर, इलानावर, बेतलेला आहे, त्यामुळे हे वाक्य आणखी लागतं. दुखणं सहन होईना म्हणून आया स्वतःच्या भावना बंद करते. बंद केल्यावर ती त्या अजस्र संकटाला चुटकीसरशी संपवते आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहते. ज्याची एवढी भीती घातली तो बाजूला, आणि खरं संकट म्हणजे आपल्या जहाजातलंच माणूस. माणूस म्हणावं की नाही, तेही कळत नाही.

माझी मुलगी रेझरवर इतकी चिडली की रात्री जेवली नाही धड. आयाने त्यानंतर जे केलं त्याबद्दल तिच्यावर शब्दही नाही! "तो खोटं बोलला ना पण." बोललाच होता. आवाज काढणाऱ्या बाईंचं, ग्रे डिलाइल यांचं, कौतुक वेगळं करायला हवं. आधीचा आयाचा आवाज सपाट आहे आणि नंतरचाही सपाट आहे, पण पहिल्यात कुतूहल आहे आणि दुसऱ्यात काहीच नाही. स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकूनसुद्धा मला कळायचं की आया कुठल्या बाजूची आहे.

एपिसोड_पाडणारी

मी रोजच्या मालिका लिहिते, त्यामुळे टोपणनाव असं. कुठल्या ते विचारू नका.

१३ आणि १३ अशी विभागणी बघा. पहिल्या तेरा भागांत लाल टोळी आणि तिचा म्होरक्या अ‍ॅट्रोसिटस, तो धागा बहुतेक तिथेच मिटवला. दुसऱ्या तेरांत मॅनहंटर नावाचे यंत्रमानव, अँटी-मॉनिटर आणि आया. आमच्याकडे खलनायक चालला की चॅनेल त्याला मरू देत नाही. जिन्यावरून पडतो, स्मृती जाते, नवा चेहरा घेऊन परत येतो. इथे चाललेला खलनायक मध्यावर बाजूला ठेवायची हिंमत केली आहे, याचा मला मत्सर वाटतो.

आणखी एक. हॅल इतका लांब, इतका काळ, आणि पृथ्वीवर परततो तर त्याच्या जागी गाय गार्डनर नावाचा दुसराच माणूस लँटर्न होऊन बसलेला. लोक खूश. जागा भरली गेली आहे. हिरो नसल्याने जगाचं काही अडलं नाही, हे हिरोला दाखवण्यासाठी आम्ही दोन आठवडे रडारड लिहिली असती. यांनी एका विनोदी भांडणात उरकलं.

दोषही आहे. दुसरा अर्धा भाग शेवटाकडे पळतो. आया सगळ्या विश्वाच्या आरंभाला जाऊन भावनाच नसलेलं विश्व घडवायला निघते, ही कल्पना एवढी मोठी आहे की तिला एक भाग पुरत नाही. मला तिथे श्वास लागला.

पार्सिपनीकर

न्यू जर्सीहून. आम्ही ही प्रत्यक्ष प्रसारणात बघितली, शनिवारी सकाळी, कार्टून नेटवर्कवर 'यंग जस्टिस'च्या जोडीने. लेखकांनी न योजलेली एक युक्ती आमच्यावर चालली, ती सांगतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन्ही मालिका अचानक वेळापत्रकातून गायब झाल्या आणि थेट जानेवारीत परतल्या. आमच्या घरात त्या मध्यंतरात इतके तर्क लढवले गेले की परत आलेले भाग थोडे फिकेच वाटले.

मार्च २०१३ मध्ये संपली ती संपलीच. कारण तेव्हा सगळीकडे सांगितलं जायचं ते असं की २०११चा ग्रीन लँटर्न सिनेमा पडला, त्याची खेळणी दुकानांत पडून राहिली, आणि मग दुकानदार या मालिकेची नवी खेळणी घ्यायला तयार होईनात. 'यंग जस्टिस' पुढे २०१९ मध्ये परत आली. ही नाही.

शेवट मात्र मला अपुरा वाटला नाही. आया स्वतःला पुसून टाकते, सगळे मानतात की ती गेली, आणि रेझर एकटा मानत नाही. तो तिला शोधायला निघतो आणि त्याच्या मागे निळी अंगठी येते. आशेची. सव्वीस भाग जो नियम शिकवला त्याच नियमात शेवट सांगितला, एका शब्दाशिवाय. नियम न शिकलेल्या माझ्या बायकोने विचारलं, "ही निळी कुठून आली?" आणि मी तिला पहिल्या भागापासून बसवलं.

कॉमिक्सवाले_काका

पार्सिपनीकर, पुस्ती जोडतो. कॉमिक्समध्ये निळी अंगठी पूर्ण ताकदीने चालायला जवळ हिरवी लागते. आशेला इच्छाशक्तीचा टेकू. रेझर तर सगळ्या हिरव्यांना सोडून निघाला आहे, म्हणून तो शेवट मला वाटतो तितका गोड वाटत नाही.

आणि अधांतरी शेवट कसा नसावा हे बघायचं तर १९९८ची 'सिल्व्हर सर्फर' बघा. तीही अंतराळातली, तीही सुंदर, तेरा भागांवर बंद पडली, आणि नेमकी अशा जागी की पुढे काय याचं उत्तर कधी मिळालंच नाही. तिथे दार आपटलं गेलं.

समुपदेशक_नाशिक

मी शाळकरी मुलग्यांबरोबर काम करतो. "तुला काय वाटतंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय नाय." मालिका न दाखवताच मी फळ्यावर रंग काढले, प्रत्येकाखाली भावना लिहिली आणि विचारलं, आज कुठली अंगठी चालतेय? बोलणं सुरू झालं. राग कबूल करायला त्यांना सोपं जातं, तो मिरवायचा असतो. भीतीची पिवळी कुणी घेत नव्हतं. मग एकाने विचारलं, कंटाळ्याची कुठली? त्यावर जोरात भांडण झालं आणि तास तिथेच संपला. कंटाळ्याला अंगठी नाही ही त्या विश्वातली उणीव आहे, हे मीही मान्य केलं.

शेवंतीताईंनी लिहिलेलं, राग निवला की हत्यार गेलं, हे मी पालकांशी बोलताना सांगत असतो, अंगठीचं नाव न घेता.

निशिगंध_०७

धागा वाचून बघावीशी वाटतेय. फुटलेल्या शेवटाचं काही नाही, मला चालतं. कुठून सुरू करू? मधले भाग गाळले तर चालेल?

शेवंती

पहिले दोन सलग बघा. ११ नोव्हेंबर २०११ला ते एक तासाचा खास भाग म्हणून एकत्रच लागले होते, मग नियमित प्रसारण मार्च २०१२ पासून. 'लॉस्ट प्लॅनेट'चं रहस्य काकांनी वर फोडलंच आहे, तरी तो गाळू नका. मधले एकेका ग्रहावरचे काही भाग कच्चे आहेत, पण आया बदलते ती त्यांतच, थोडी थोडी. ते गाळलेत तर दुसरा अर्धा भाग अंगावर येणार नाही.

तांबडा_रस्सा, तुम्हीही चौथ्यापासून पुढे बघा की.

तांबडा_रस्सा

बघतो. हिरवी बुक्की दिसली की पुढे पळवणार, आधीच सांगून ठेवतो.